रिमोटचे सेल

माळ्यावरच्या डब्यात अजून आहे
बदामाचं पीठ, आठशे रुपयांचं,
त्यात आता जाळी धरली आहे.
शेजारी व्हिनेगरची बाटली,
तळाशी ढगासारखं काहीतरी तरंगतंय,
आणि एक हिरवी पावडर, जिचं नाव
ऑफिसातल्या केणीने तीनदा सांगितलं
आणि मी तीनदा विसरलो.

सात वर्षांत मी
भात सोडला, पोळी सोडली, साखर सोडली,
एकदा तर अख्खी संध्याकाळच सोडली :
सहानंतर काही म्हणजे काही नाही.
मग साडेअकराला, दिवा न लावता,
फ्रिजच्या उजेडात उभा राहून
मुलीच्या वाढदिवसाचा केक बोटाने खरवडला.
विशाखा पाणी प्यायला उठली होती.
काही बोलली नाही.
चमचा दिला फक्त.

उतरायचं वजन, नाही असं नाही.
पाच किलो. एकदा आठ.
केणीने टाळ्या वाजवल्या,
मी शिवडी नाक्यावरच्या मोच्याकडून
पट्ट्याला आतलं भोक पाडून घेतलं,
आणि गणपती ते दिवाळी एवढ्यात
पट्टा पुन्हा जुन्या भोकावर.
मोची कधी हसला नाही.
त्याच्याकडे असे बरेच पट्टे येत असणार.

डॉक्टर तेंडोलकरांनी रिपोर्ट पालथा ठेवला.
म्हणाल्या, काय सोडणार ते नका सांगू,
ते पाठ आहे मला.
सत्तराव्या वर्षीही आवडीने खाल
असं काय आहे, ते सांगा.
मी पंख्याकडे बघत बसलो.
सोडायच्या याद्या होत्या माझ्याकडे, ढीगभर.
ही एकच नव्हती.

परळच्या पुलाखाली
सोमवारी आणि गुरुवारी वसईहून येते
इस्तेर तुस्कानो, गोणपाट अंथरून.
काय देऊ?
म्हटलं, माणूस बारीक होईल असं काहीतरी.
तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
बारीक तर काळजीने पण होतो माणूस, म्हणाली,
तू माठ घेऊन जा.

पहिली जुडी निम्मी सडली.
दुसरी निवडताना कळलं
की पानांना एवढी माती असते,
तीन पाण्यांनंतरही दाताखाली कचकन येते.
ऋतिकाने ताट सरकवलं, विशाखाने मीठ.
तिसऱ्या आठवड्यात लसूण जरा जास्त पडला
आणि कोणीतरी परत मागितली.
कोण, ते सांगत नाही. तिला आवडणार नाही.

बाकी काही फार बदललं नाही.
भात आहे. आधी भाजी वाढून घेतो, मग आमटी,
मग उरलेल्या जागेत मावेल तेवढा भात,
आणि तो पुरतो, याचंच नवल वाटतं.
शुक्रवारी केणीबरोबर वडापाव :
एक, आणि बसून.
उभ्याने खाल्लेला पोटाला कळतच नव्हता इतकी वर्षं.

मे महिन्यात मेव्हण्याच्या लग्नात
जिलब्या किती खाल्ल्या, मोजल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी सवयीने वाट पाहिली
त्या जुन्या आवाजाची :
आता गेलंच सगळं, तर जाऊ दे सगळं,
सोमवारपासून बघू.
आलाही तो. जिन्यापर्यंत माझ्यासोबत उतरला.
पण गुरुवार होता.
मी जाऊन चवळीची जुडी आणली,
उपास केला नाही,
आणि दुपारी नेहमीच्या वेळेला भूक लागली,
साधी, कुणावर न रागावलेली.

काल ऋतिका म्हणाली,
बाबा, तुमच्या काट्याचे सेल
मी टीव्हीच्या रिमोटला घातलेत हं.
कधी?
श्रावणात.
बाहेर मार्गशीर्ष चालू आहे.
मी पेपर पसरून शेपू निवडत होतो,
कोवळी देठं इकडे, जून तिकडे.
विशाखाला शेपूचा वास
अजून सहन होत नाही.
तिने नाक मुरडलं, खिडकी उघडली,
आणि समोर बसून
दुसरी जुडी सोडायला घेतली.